‘आमच्याकडं कसला गुन्हा?’ : पीडित-सर्वेक्षणाला पहिल्यांदा गावात जाणाऱ्यांसाठी

परभणी जिल्ह्यातलं एक गाव, मारुतीच्या पारामागचं घर. मी टॅब उघडून छापील प्रश्न जसाच्या तसा वाचला : “गेल्या बारा महिन्यांत तुमच्या कुटुंबाविरुद्ध काही गुन्हा घडला का?” बाबांनी टोपी सारखी केली. म्हणाले, “न्हाई बुवा. आपल्यावर कसला गुन्हा? आपण कोणाच्या अध्यात न्हाई, मध्यात न्हाई.” मी ‘नाही’ दाबलं. चहा आला. बशीत ओतता ओतता बाबा नातवाला म्हणाले, “आरं, बोअरला दोरी बांधून ठिव. मोटर नेल्यापून त्यात पोरंसोरं दगडं टाकायलीत.” मोटर कधी नेली? “दिवाळीच्या आंगमागं.” म्हणजे आमच्या बारा महिन्यांच्या आतच.

बाबा खोटं बोलत नव्हते. गावात ‘गुन्हा’ म्हणजे पोलिसांनी कोणावर तरी ‘दाखल केलेला’ गुन्हा. त्यांना वाटलं, मी विचारतोय की तुमच्यावर काही केस आहे का. त्या पहिल्या आठवड्यात आमच्या टीमने किती मोटरी अशा बुडवल्या असतील, देव जाणे. तुमच्या बुडू नयेत म्हणून हे लिहितोय.

थोडक्यात, हे सर्वेक्षण कशासाठी?

एनसीआरबीचा, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा, ‘क्राइम इन इंडिया’ अहवाल १९५३ पासून निघतो. त्यातले आकडे पोलिस ठाण्यात नोंद झाल्यावर सुरू होतात. नोंद नाही तर आकडा नाही. शिवाय एकाच एफआयआरमध्ये चार कलमं लागली तरी मोजताना त्यातला सगळ्यात गंभीर गुन्हाच धरला जातो. पोलिसांपर्यंत न पोचलेलं मोजायचं तर घरोघर जाऊन लोकांनाच विचारावं लागतं. यालाच पीडित-सर्वेक्षण म्हणतात. अमेरिकेत १९६० च्या दशकात याचे प्रयोग झाले आणि १९७२ पासून तिथलं राष्ट्रीय सर्वेक्षण सुरू आहे. ब्रिटनने १९८२ मध्ये सुरुवात केली. आंतरराष्ट्रीय तुलनेसाठीचं सर्वेक्षण १९८९ मध्ये आलं. आपल्याकडे दरवर्षी होणारं असं राष्ट्रीय सर्वेक्षण नाही, पण तुकडे आहेत. आयएचडीएस या मानवी विकासाच्या देशव्यापी सर्वेक्षणाने २००४-०५ आणि २०११-१२ मध्ये देशभरात ४० हजारांहून जास्त घरांना चोरी, घरफोडी, मारहाण-धमकीबद्दल विचारलं. एनएफएचएसमध्ये, म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, घरगुती हिंसाचाराचा वेगळा भाग असतो. दिल्ली-मुंबईसारख्या शहरांत संस्थांनी स्वतंत्र सर्वेक्षणं केली आहेत. मराठवाड्याच्या खेड्यात हे काम येतं ते बहुधा विद्यापीठाच्या प्रकल्पातून किंवा संस्थेमार्फत, आणि प्रशिक्षण मिळतं दोन-तीन दिवसांचं. ते पुरत नाही.

१. काय मोजायचं आणि काय मोजता येत नाही

दोन खाती वेगळी ठेवा. घरफोडी, गाडी, जनावरं, शेतातलं साहित्य हे कुटुंबाचं नुकसान. ते एकदाच, घरातल्या जाणत्या माणसाला विचारायचं आणि दर हजार घरांमागे मांडायचं. मारहाण, धमकी, खिसा कापणं, गळ्यातलं ओढणं, फोनवरची फसवणूक हे माणसाचं. ते निवडलेल्या व्यक्तीलाच विचारायचं आणि दर हजार व्यक्तींमागे मांडायचं. ‘सुनेचं मी सांगतो की’ म्हणणारे सासरे प्रत्येक गावात भेटतात. त्यांचा चहा घ्या, उत्तर घेऊ नका.

खून या पद्धतीने मोजता येत नाही, उत्तर द्यायला माणूसच उरत नाही. मटका, हातभट्टी यांना ‘पीडित’ नसतो, म्हणून तेही बाहेर. हे गावकऱ्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर अर्धा तास दारूच्या दुकानावर जातो.

२. कागदपत्रं आणि पिशवी

- संस्थेचं फोटोचं ओळखपत्र, आणि मराठीत लिहिलेलं, शिक्का मारलेलं पत्र. इंग्रजी पत्र कोणी वाचत नाही, उलट बँकवाले आले असं वाटतं.
- ग्रामपंचायतीला दिलेल्या पत्राची पोच.
- पोलिस ठाण्याला दिलेल्या माहितीपत्राची पोच.
- नीतिसमितीच्या (संशोधनामुळे लोकांना त्रास होऊ नये हे बघणाऱ्या समितीच्या) मंजुरीची प्रत.
- संमतीपत्रक. वाचता न येणाऱ्यांसाठी मोठ्याने वाचून दाखवायचा मजकूर वेगळा.
- गावाचा हाताने काढलेला नकाशा, घरयादीचे कोरे तक्ते, खडू.
- टॅब किंवा मोबाईल. कोबो किंवा ओडीके या सर्वेक्षणाच्या ॲपमधला फॉर्म आधीच उतरवून घेतलेला, कारण वाड्या-तांड्यांवर नेटवर्क असेलच असं नाही.
- पॉवर बँक. भारनियमनाचं वेळापत्रक गावात विचारून घ्या.
- कागदी प्रश्नावलीच्या पाच प्रती. टॅब पडतो.
- मदत क्रमांकांच्या चिठ्ठ्या. त्यांच्याबद्दल पुढे.

यातली एक गोष्ट नीट समजून घ्या. पोलिस ठाण्याला कळवायचं ते एवढ्यासाठी, की अनोळखी माणसं घरं मोजत फिरताहेत म्हणून कोणी तुम्हालाच चोर समजू नये. चोर आल्याच्या अफवेवरून पाहुण्यांना गावाने घेरल्याच्या गोष्टी तुम्हीही ऐकल्या असतील. पण कळवून झालं की पोलिसांपासून चार हात लांब राहा. आमच्या एका जोडीला एका गावात पोलिस पाटलांनी प्रेमाने घर दाखवत फिरवलं. त्या दिवशीच्या चौदा घरांत एकही घटना निघाली नाही. दोन दिवसांनी त्याच गल्लीत दुसरी जोडी एकटी गेली, तर तिला निघाल्या.

वेशीवर ‘तंटामुक्त गाव’ अशी पाटी असेल तर जरा जास्तच सावध राहा. ती मोहीम राज्यात १५ ऑगस्ट २००७ ला सुरू झाली, बऱ्याच गावांना बक्षिसं मिळाली आणि पाटीचा अभिमान अजून आहे. सरपंच म्हणतील, “आमच्याकडं काही होतच नाही, सगळं गावात मिटतं.” मिटलेलंच तर आपल्याला मोजायचं आहे, पण हे त्यांना त्या शब्दांत सांगू नका. ‘लोकांचं नुकसान आणि सुरक्षितता’ यावर अभ्यास आहे म्हणा. ते खोटंही नाही.

३. दिवस कोणते धरायचे

बीडच्या डोंगरपट्ट्यात, धारूर-वडवणी-पाटोद्याकडे, किंवा जालना-परभणीच्या तांड्यांवर दिवाळीनंतर गेलात तर ओळीने कुलपं दिसतील. लोक ऊसतोडीला गेलेले असतात, कोणी पश्चिम महाराष्ट्रात, कोणी कर्नाटकात, आणि परततात ते गुढीपाडव्याच्या आसपास. घरी म्हातारी आणि शाळेतली पोरं. कुलपं वगळून सर्वेक्षण केलंत तर ज्यांचं घर सहा महिने बंद असतं आणि जे फडावरच्या उघड्या कोपीत (झोपडीत) झोपतात, नेमके तेच सुटतात. मे महिना ते पोळ्यापर्यंतचा काळ त्यातल्या त्यात बरा. फक्त पेरणीचे पंधरा दिवस सोडा, तेव्हा तुम्हाला कोणी उभंही करणार नाही.

आणखी एक. घटना उसाच्या फडावर घडली, टोळीच्या मुकादमाने उचलीवरून (आगाऊ घेतलेल्या पैशांवरून) मारलं किंवा कोपीतून मोबाईल गेला, तरी ती मोजायचीच. प्रश्न ‘गावात काय झालं’ हा नाही, ‘या माणसाचं काय झालं’ हा आहे. ठिकाण वेगळ्या रकान्यात लिहा. हे न सांगितल्यामुळे आमच्या निम्म्या मुलांनी ‘बाहेरची घटना’ म्हणून सोडून दिलं होतं.

४. घर निवडणं

ग्रामपंचायतीची यादी घेऊन तीवरूनच निवड करू नका. ती जुनी असते, आणि गायरानावरची, वस्तीवरची, पालावरची घरं तिच्यात नसतात. स्वतः फिरून घरयादी करा. घर म्हणजे भिंती नव्हेत, चूल. एका वाड्यात तीन भाऊ आणि तीन चुली असतील तर तीन कुटुंबं. यादी झाली की ठरावीक अंतराने घरं उचला. समजा २४० घरं आहेत आणि २० हवीत, तर दर बारावं घर, आणि पहिलं चिठ्ठी टाकून. घरातल्या प्रौढांपैकी कोणाशी बोलायचं तेही टॅबला निवडू द्या. दारात जो भेटेल तो घेतलात तर ओसरीवर बसलेले रिकामे पुरुषच गोळा होतील.

सापळा : कुलूप असलेल्या घराऐवजी शेजारचं घेणं. तीन वेगवेगळ्या वेळी जा, त्यातली एक खेप दिवेलागणीला. तरीही नाही भेटलं तर ‘भेट नाही’ अशी नोंद करा. घर बदलू नका.

५. प्रश्न : ‘गुन्हा’ हा शब्द काढून टाका

इथे जरा थांबतो, कारण सगळं सर्वेक्षण इथे तरतं किंवा बुडतं.

‘गुन्हा’ नको, ‘केस’ नको, ‘पीडित’ तर अजिबात नको. ‘चोरी’ हा शब्दही एकटा पुरत नाही. मोटर कोणी नेली हे माहीत असलं की ती लोकांच्या लेखी चोरी राहत नाही. ‘चुलत्याच्या पोरानं उचलली’ असं होतं. म्हणून घटना विचारा, आणि वस्तूंची नावं घ्या :

- घराचं कुलूप, कडी, पत्रा उचकटून किंवा उघड्या दारातून शिरून कोणी काही नेलं का?
- शेतातून मोटर, केबल, स्टार्टर, ठिबकच्या नळ्या, पाइप गेले का?
- खळ्यावरून, आखाड्यावरून सोयाबीन, तूर, हरभऱ्याची पोती?
- शेळी, बोकड, कोंबड्या, बैल, म्हैस?
- मोटारसायकल, तिच्यातलं पेट्रोल, बॅटरी?
- आठवडी बाजारात, एसटीत चढताना, जत्रेत खिशातून, पिशवीतून, गळ्यातून काही?
- फोनवर ओटीपी, केवायसी, कर्ज, पीकविमा असं काही सांगून पैसे काढले का?
- कोणी मारलं, ढकललं, अंगावर धावून आलं, ‘बघून घेतो’ म्हणालं का? माणूस घरातला, भावकीतला, ओळखीचा असला तरी सांगा.

शेवटचं ‘असला तरी’ गाळू नका. ते म्हटल्याशिवाय बांधावरची मारामारी कोणी सांगत नाही.

क्रमही महत्त्वाचा. आधी ही सगळी यादी ‘हो-नाही’ने संपवा आणि मगच ज्याला ‘हो’ आलं त्याचा तपशील उघडा : कधी, कुठे, काय गेलं, कोण होतं, पुढे काय केलं. आम्ही आधी उलटं करत होतो. पहिल्या ‘हो’ला पंधरा प्रश्न लागले की समोरच्याच्या ध्यानात येतं, ‘हो’ म्हटलं की ताप वाढतो. मग शेळी गेलेली असली तरी तो ‘न्हाई, न्हाई’ म्हणत सुटतो. प्रश्न विचारणाराही थकलेला असतो, त्याला ते ‘नाही’ गोडच लागतं. दुपारनंतर माझ्याच फॉर्मांतल्या घटना कमी का होतात हे मला फार उशिरा कळलं.

जे एकदाच झालं ते मोजणं सोपं. जे रोजचंच आहे त्याचं काय? नवऱ्याचा मार, सावकाराची माणसं दारात येणं. ‘किती वेळा?’ म्हटलं की उत्तर येतं, “त्याला काय मोजदाद?” अमेरिकेच्या सर्वेक्षणात अशा सारख्या घडणाऱ्या घटनांची मालिका धरतात आणि मोजणी जास्तीत जास्त दहापर्यंत नेतात. तुमच्या प्रकल्पाचा नियम काय ते पहिल्याच दिवशी विचारा. ‘एक’ लिहून मोकळं होऊ नका.

६. तारखा : आठवण पुढे सरकते

मोठं नुकसान कालच झाल्यासारखं वाटतं. अठरा महिन्यांपूर्वी गेलेली म्हैस माणूस ‘यंदाच’ म्हणून सांगतो. उलट, बाजारात गेलेले दोनशे रुपये तीन महिन्यांत विसरतो. त्यामुळे मोठ्या घटना फुगतात, बारक्या गळतात. अमेरिकेत एकाच घरी दर सहा महिन्यांनी सात वेळा जातात. मागच्या भेटीतली घटना पुन्हा सांगितली तर पकडता येते. आपण एकदाच जातो, तेव्हा दोन उपाय.

पहिला, आधी पाच वर्षांचं विचारा, मग शेवटच्या बारा महिन्यांचं. जुनं सांगायला वेगळी जागा मिळाली की ते नव्यात घुसत नाही.

दुसरा, सणांचं आणि शेतीच्या कामांचं कॅलेंडर छापून न्या. ‘ऑक्टोबरमध्ये का?’ याला उत्तर मिळत नाही. ‘महालक्ष्म्या उठल्या होत्या का? सोयाबीन काढलं होतं का? येळवशीच्या आधी का नंतर?’ याला लगेच मिळतं. लातूर-धाराशिवकडे येळवस (वेळ अमावास्या) सगळ्यांच्या ध्यानात असते, इतर ठिकाणी संक्रांत धरा. तांड्यावर ‘टोळी निघायच्या आधी का आल्यावर?’ एवढं पुरतं.

पण एक मेख आहे. पोळ्यापासून पोळ्यापर्यंत बारा महिने होतातच असं नाही. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, म्हणून पोळा १४ सप्टेंबरला आला. पुढच्या वर्षी २ सप्टेंबरला. बारा दिवसांचा फरक. कडेची घटना आत की बाहेर यावरून वाद होतो, तेव्हा कॅलेंडरवर सणाशेजारी त्या-त्या वर्षाची इंग्रजी तारीख असूच द्या.

७. एकांत आणि चिठ्ठी

बाईशी बाईनेच बोलायचं, एकटीशी. एनएफएचएसमध्ये हिंसाचाराचे प्रश्न घरातल्या एकाच स्त्रीला विचारतात आणि एकांत मिळाला नाही तर तो भाग सोडून देतात. तोच नियम धरा. एकाच घरात सासू आणि सून दोघींना विचारलं तर रात्री दोघींच्या गप्पा होतात आणि प्रश्न कोणते होते ते घराला कळतं.

एकांत मिळवायला जोडीतला दुसरा माणूस लागतो. तो ओसरीवर बसून पीकपाणी, सोयाबीनचा भाव यावर बोलत राहतो. मध्येच कोणी आत आलं तर विषय बदलायला स्वयंपाकाचा गॅस, पाण्याची खेप असले चार निरुपद्रवी प्रश्न तयार ठेवा. आमच्या मॅडम सासूची चाहूल लागली की त्याच सुरात विचारत, “मग टँकर किती दिवसांनी येतो?”

अठरा वर्षांखालच्यांना आम्ही घेत नव्हतो. तरी बोलता बोलता लहान मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती निघाली तर पॉक्सो कायद्याने ती कळवणं बंधनकारक आहे. ‘सगळं गुप्त राहील’ असं सरसकट वचन संमती घेताना देऊ नका. हा अपवाद आधी सांगा, आणि निघालंच तर त्याच दिवशी पर्यवेक्षकाला गाठा.

चिठ्ठीवर ११२, महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८, ऑनलाइन फसवणुकीसाठी १९३० हे नंबर असतात. नुसतं ‘महिला हेल्पलाइन’ लिहिलेला कागद बाईच्या हातात देऊ नका, तो घरात सापडतो. सगळे नंबर एकत्र, वर १०८ रुग्णवाहिका, खाली बाकीचे, आणि घरातल्या प्रत्येकाला एकेक द्या.

८. पोलिसांत गेलात का?

‘हो’ वर थांबू नका. जमादाराला तोंडी सांगितलं, अर्ज दिला, एनसी (अदखलपात्र नोंद) झाली, एफआयआर झाला, या चार वेगळ्या गोष्टी आहेत. पोच किंवा प्रत दाखवायचा आग्रह धरू नका, पण दाखवली तर नीट बघा. खिशातून काढलेला मोबाईल कागदावर पुष्कळदा ‘गहाळ’ झालेला असतो. गेले नसतील तर कारण त्यांच्याच शब्दांत लिहा, पर्याय वाचून दाखवू नका. ‘भावकीत मिटवलं’, ‘पावती नव्हती मोटरीची’, ‘जाण्या-येण्यात रोज बुडतो’ ही उत्तरं छापील पर्यायांत कधीच नसतात.

९. आकडा सांगताना

समजा १००० घरांपैकी ३० घरांतून शेतसाहित्य गेलं. ३ टक्के. घरं सुटी-सुटी निवडली असती तर खरा आकडा साधारण १.९ ते ४.१ च्या दरम्यान. पण आपण पन्नास गावांत वीस-वीस घरं घेतो आणि एका शिवारात मोटरी गेल्या की रांगेने जातात, म्हणून अंतर याहूनही वाढतं. एवढ्या नमुन्यावर ‘जालन्यापेक्षा हिंगोलीत चोऱ्या जास्त’ अशी बातमी करायला कोणी सांगितलं तर साफ नाही म्हणा. आमच्या एका साहेबांना तालुकानिहाय नकाशा हवा होता, रंगीत. काही तालुक्यांत मिळून दोन घटना होत्या.

पोलिसांच्या आकड्याशी थेट वजाबाकीही करू नका. ठाण्याचा आकडा तिथे घडलेल्या घटनांचा, दुकानं-कारखाने धरून. आपला आकडा इथे राहणाऱ्या माणसांचा, मग घटना कोल्हापूरच्या फडावरची का असेना.

अहवालात गावाचं नाव घालू नका, आणि नाव काढलं म्हणजे झालं असंही समजू नका. ‘दोन म्हशी आणि एक वगार एकाच रात्री गेलेलं कुटुंब’ एवढं छापलं की पंचक्रोशीला घर कळतं, आणि त्यांनी कोणाचं नाव घेतलं असेल तेही. आमच्या अहवालात म्हशींची ‘जनावरं’ झाली, वगार गळाली आणि गावाच्या जागी जिल्हा आला.